आकारामचे दोन निसणे

आकाराम संकपाळने आपल्या दुकानाला कधी नाव दिलं नाही आणि शुक्रवार पेठेतल्या लोकांनीही ते कधी मागितलं नाही. "आकारामकडं जाऊन येतो" एवढं सांगितलं की घरच्यांना कळायचं, हा माणूस आता गाल गुळगुळीत करून आणि गल्लीतल्या चार बातम्या घेऊनच परत येणार. दुकान म्हणजे दोन खुर्च्या, दोन आरसे, कुरकुरणारा एक पंखा आणि भिंतीवर वडिलांचा, गुंडू संकपाळांचा, हार घातलेला फोटो.

पेठेत आता काचेच्या दारांची, थंडगार सलून पुष्कळ झाली आहेत. तरी आकारामचं जुनं गिऱ्हाईक तुटलं नाही. हात हलका होता, हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण म्हणजे, आकाराम सरमिसळ करत नाही, ही लोकांची खात्री.

सरमिसळ कसली, ते सांगायला हवं. रोजच्या दाढीला त्याच्याकडेही इतरांसारखं पातं बदलायचं हत्यार असतं. गिऱ्हाईक उठलं की पातं टाकून द्यायचं. पण दोन कामांना लोक अजून घडीचा, पोलादी वस्तरा मागतात. एक बाळाचं जावळ आणि दुसरं दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर घरच्या पुरुषांचं मुंडण. पहिलं काम घरात पाहुणे जमवून, मामाच्या मांडीवर. दुसरं नदीच्या पायरीवर, गप्प बसून. दोन्ही कामं संकपाळांकडे पिढीजात आलेली, आणि या दोन कामांची हत्यारं एकमेकांना लागू द्यायची नाहीत ही गुंडूची सक्त शिकवण. जावळाच्या वस्तऱ्याची मूठ पांढरी, घाटावरच्याची काळी. एवढंच नव्हे, तर वस्तऱ्याला धार लावायचा दगडही वेगळा. या दगडाला गुंडू निसणा म्हणायचा.

गंमत अशी की दोन्ही निसणे एकाच दगडाचे होते. गुंडूने मिरजेच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून हिरवट-राखाडी रंगाचा एक लांब विलायती दगड घेतला आणि पाथरवटाकडून त्याचे मधोमध दोन तुकडे करून आणले. एक दुकानात फळीवर राहिला, दुसरा गोणपाटात गुंडाळून उंबऱ्याबाहेरच्या कोनाड्यात. दुकानातला वापरून वापरून बशीसारखा खोलगट झाला. घाटावरचा गुंडू मांडीवर धरून वापरायचा, म्हणून तो एका कोपऱ्याकडे उतरता झिजला. बघणाऱ्याला एका नजरेत फरक कळायचा. आकाराम तर म्हणायचा, मला बघायचीसुद्धा गरज नाही.

घाटावरून आला की आकाराम आंघोळ केल्याशिवाय दुकानाची पायरी चढत नसे. पेठेने हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यामुळे जावळाच्या वेळी त्याला कोणी काही विचारत नसे. विचारायचं ते गुंडूच्या काळात विचारून झालं होतं.

अशा माणसाच्या दुकानात एका रविवारी ऋतुराज येऊन बसला. ऋतुराज गल्लीतलाच, शिरोलीला एका कारखान्यात इंजिनिअर. त्याला अलीकडे जुन्या वस्तऱ्यांचा नाद लागला होता. घरी घडीच्या वस्तऱ्याने दाढी करायचा, कुठून कुठून जुने दगड मागवायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि त्याचे व्हिडिओ टाकायचा. फळीवरचा निसणा त्याने उचलला आणि उजेडात धरला.

"मामा, ह्यो दगड लोक परदेशातनं मागवत्यात. आनि तुमी काय दशा केलीया ह्याची! मधी आमटी वाढून जेवता येईल."

खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट हसलं.

"तुझ्या बाच्या लग्नाची दाढी ह्याच्यावरच्याच धारंनं झालीया," आकाराम म्हणाला. "मोडलं का लगीन?"

"लगीन न्हाई मोडलं, पण आई अजून म्हणती, गालावर खुंट हुतं."

पुन्हा हशा झाला. मग ऋतुराजने मोबाइलवर त्याला दगड दाखवले. आधीचे झिजलेले, तेलकट, काळपट आणि नंतरचे काचेसारखे सपाट, धुतलेल्या पाटीसारखे स्वच्छ. खोलगट दगडावर वस्तऱ्याची दोन टोकं टेकतात आणि मधली धार अधांतरी राहते, हे त्याने बोटाने दाखवलं. आकारामला ते माहीत होतंच. मनगट फिरवून तो ती खोट आयुष्यभर सांभाळून घेत आला होता. पण त्या चकचकीत दगडांवरून त्याची नजर हटेना.

"तुमचं दोन्ही दगड सपाट करा, मामा. जोडी हाय म्हंता न्हवं? जोडी सारखी दिसाय पायजे. मग व्हिडिओ करू. जुना कारागीर, बापाची जोडी. बघा कशी बघत्यात लोकं."

"माझा कसला व्हिडिओ करतोस," आकाराम म्हणाला खरा, पण ऋतुराज गेल्यावर त्याने आरशात स्वतःच्या मिशा दोनदा पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार, दुकान बंद. ऋतुराजने जाड काच आणि पाण्याबरोबर वापरायचे पॉलिश पेपर आणून दिले होते. आकाराम दुकानामागेच असलेल्या घराच्या परसात धुण्याच्या दगडाजवळ बसला. आधी दुकानातला निसणा सोड्याच्या गरम पाण्यात टाकला. वर्षानुवर्षांचं तेल तवंग होऊन वर आलं. मग त्याने दगडाच्या तोंडावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारल्या, काचेवर पेपर ठेवला, पाणी शिंपडलं आणि दगड घासायला सुरुवात केली. कडेच्या रेघा लगेच पुसल्या. मधल्या खळग्यातल्या रेघा तशाच राहिल्या. पुन्हा रेघा, पुन्हा घासणं. खळगा एखाद्या डबक्यासारखा आटत आटत लहान होत गेला आणि शेवटी नाहीसा झाला. घासून निघालेली दगडाची राखाडी राबडी मनगटापर्यंत आली होती. आकारामला फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं लोकांची तोंडं गुळगुळीत केली, पण स्वतःची एखादी वस्तू अशी हौसेने उजळायला तो कधी बसला नव्हता.

त्याच हौसेत त्याने उठून उंबऱ्याबाहेरच्या कोनाड्यातला गोणपाट सोडला. घाटावरचा निसणा घरातून परसात नेताना पाऊल क्षणभर अडलं. पण दगडाला सोड्याने धुऊन काढल्यावर काय राहतंय, असं तो स्वतःशीच म्हणाला. त्यालाही उकळत्या पाण्यातून काढलं, रेघा मारल्या, घासलं. उतरता कोपरा सरळ झाला. दोन्हींच्या कडा मोडून गोल केल्या. मग बारीक पेपर, मग त्याहून बारीक.

शेवटचा हात राहिला होता. ऋतुराजने सांगितलं होतं, सगळं झालं की दोन्ही दगड तोंडाला तोंड लावून थोड्या पाण्यात एकमेकांवर फिरवायचे, म्हणजे दोन्ही सारखे सपाट होतात. आकारामने तसं केलं. दगड एकमेकांवर लोण्यासारखे फिरू लागले. फिरता फिरता जड झाले आणि एकदम चिकटले. ओले सपाट दगड तसे चिकटतातच. त्याने ते सरकवले, ओढले, गुडघ्यात धरले. शेवटी नळाखाली धरून जोर लावला तेव्हा ते सुटले, आणि एक ह्या हातात, एक त्या हातात आला.

तेव्हा आकारामच्या लक्षात आलं.

दोन्ही सारखे दिसत होते. लांबी सारखी, रुंदी सारखी, रंग तोच. खळगा नाही, उतार नाही. त्याने दगड उलटे करून पाठी पाहिल्या. पाठी दोन्हींच्या पाथरवटाने घडवलेल्या, सारख्याच खडबडीत. वास घेतला, सोड्याचा वास. नखाने वाजवून पाहिलं, आवाज एकच. आणि मग त्याहून वाईट गोष्ट ध्यानात आली. कुठला कुठला ते कळलं असतं तरी काय उपयोग होता? घाटावरच्या दगडाची राबडी त्याने स्वतःच्या हाताने दुसऱ्या दगडाच्या तोंडावर चोळली होती.

"झालं का?" आतून तानाबाई आली. आकारामची बायको; तिचा या बाबतीतला धाक गुंडूपेक्षा कमी नव्हता. "बाई! काय चकाकाय लागल्यात. आनि घाटावरचा कुठला ह्यातला? त्यो हितं कशापायी आनलासा परसात?"

आकारामने तिच्याकडे न बघता डाव्या हाताजवळचा दगड पुढे केला. "ह्यो."

तानाबाईने तो पदराला न लागू देता उचलला, गोणपाटात गुंडाळला आणि कोनाड्यात नेऊन ठेवला. एवढ्यावर ठरलं, घाटावरचा कुठला ते.

त्याच वेळी सांगता आलं असतं. तानाबाई बडबडली असती, दोन दिवस तिने ताट आपटलं असतं, आणि मग लक्ष्मीपुरीच्या बाजारातून नवा दगड आला असता. पण ऋतुराज संध्याकाळी मोबाइल घेऊन आला. व्हिडिओसाठी उघडलेल्या दुकानात दोघं-तिघं उभे होते. आकारामने नवा शर्ट घातला होता. गुंडूची गोष्ट सांगितली, मिरजेची सांगितली, जावळ आणि घाट कसे वेगळे ठेवतो ते सांगितलं. तोपर्यंत सगळं खरं होतं. मग ऋतुराजने फळीवरचा आणि कोनाड्यातला असे दोन्ही दगड खुर्चीच्या पाटावर ठेवून विचारलं, "मामा, आता तर दोन्ही सारखंच दिसाल्यात. डोळं झाकून वळखता का?"

"वळखतो की," आकाराम म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ऐकू आले.

त्याने डोळे मिटले. कोणीतरी दगडांच्या जागा बदलल्याचा आवाज आला. त्याने एकावर हात ठेवला, दुसऱ्यावर ठेवला, पुन्हा पहिल्यावर. दोन्ही गार होते. दोन्ही गुळगुळीत होते. "ह्यो पोराबाळांचा," तो म्हणाला. "आनि ह्यो घाटावरचा. हाताला कळतंय. बापाचा दगड हाय, न कळून कसं चालंल?"

ऋतुराज ओरडला, "नाद खुळा, मामा!" उभे असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

व्हिडिओ पेठेत घरोघर फिरला. तालमीतली पोरं दारावरून जाताना डोळे झाकून भिंत चाचपत "ह्यो पोराबाळांचा!" म्हणून ओरडायची. मिसळवाल्याने त्याचे पैसे घेतले नाहीत. लोक कौतुकाने सांगायचे, कारागिरी म्हणजे अशी. आणि आकारामला ते कौतुक चारचौघांत कोणी धोतराचा सोगा ओढावा तसं वाटायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो दोन्ही दगड जवळ घेऊन बसायचा. वाटायचं, एक दिवस हात सांगेल. हाताने कधी काही सांगितलं नाही. मग वाटायचं, हात आधी तरी सांगत होता का? की आपण आयुष्यभर खळगाच चाचपत आलो आणि त्याला ओळख म्हणत आलो?

नवा दगड घ्यायचा तर तानाबाई विचारणार, असला सोन्यासारखा दगड असताना नवा कशाला. म्हणून तोही आला नाही.

अशात चिमणाबाई आली. मागच्या गल्लीत तिच्या म्हशी होत्या. अर्ध्या पेठेला तिचं दूध. शेतकरी घरची, मुलगा शेतीवर, सुनेचं पहिलं बाळ हाताला लागलं नव्हतं. त्यानंतर झालेला हा राजवीर. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून दृष्ट काढण्यापर्यंत चिमणाबाई प्रत्येक गोष्ट बघून, विचारून, शिवाशिव सांभाळून करायची. गल्लीत कुणाचं सुतक असलं की ती पोराला घेऊन खालच्या वाटेने जायची.

"आकारामभाऊ, राजवीरचं जावळ काढायचंय. तुमी असल्यावर मला चिंताच न्हाई."

आकारामने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "येतो की" म्हणाला. फळीवरच्या दगडावर पांढऱ्या मुठीचा वस्तरा फिरवला आणि गेला. पोर मामाच्या मांडीवर शांत बसलं होतं. धार उत्तम लागली होती. सपाट दगडाचा तेवढा गुण खराच. एक ओरखडा उठला नाही. चिमणाबाईने त्याला ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली, पुरणपोळीवर तुपाची धार धरली. "खावा की भाऊ, लाजताय काय!" ती म्हणाली. आकारामने पोळी कशीबशी संपवली.

राजवीरला काही झालं नाही. पोरगं हसत होतं, चालायला शिकत होतं. पण ते दारावरून कडेवर जाताना दिसलं की आकाराम आरशाकडे तोंड फिरवायचा.

महिन्याभराने शांतव्वाचा निरोप आला. शांतव्वा मूळची गडहिंग्लजची, लिंगायत; नवऱ्याची गुळाची अडत होती, ती आता मुलगा शशिधर बघायचा. शशिधरच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आता मुलगा झाला होता आणि आजोबांचंच नाव ठेवलं होतं, शिवलिंग. शशिधरचं जावळ गुंडूने केलं होतं, तेव्हा आकाराम पाण्याची वाटी धरून उभा होता. आता त्याच वस्तऱ्याने नातवाचं व्हावं, ही म्हातारीची हौस.

"अव्वा, आता समदी पात्यानं करत्यात," आकाराम फोनवर म्हणाला. "नवं पातं, सोपं पडतंय. पोराला बी बरं."

"तम्मा, मला शिकवाय लागलाईस व्हय?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ; शांतव्वाचा आवाज फोनशिवायही पेठेत ऐकू गेला असता. "मी बघितलाय तुझा व्हिडिओ. सुनंनं दाखवला. त्यो दगड आनि त्यो वस्तरा घिऊन यायचं. धार हितं आमच्यासमोर लावायची. पावणं येणार हायीत गडहिंग्लजचं, त्यास्नी बघायचंय."

आकाराम गेला. न जावं असं फार वाटलं. ताप आल्याचा निरोप तोंडात तयार होता. पण शांतव्वा रिक्षा घेऊन दारात आली असती.

शांतव्वाच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, सतरंज्या घातल्या होत्या. पाहुणे कानडी-मराठी मिसळून बोलत होते. शेजारणी दाराजवळ बसल्या होत्या आणि त्यांत चिमणाबाईही होती, मांडीवर राजवीर. आकारामने तिला पाहिलं आणि हत्यारांची धोपटी सोडताना त्याच्या हातातून वाटी पडली.

"पावणं, भ्यालासा काय?" बाळाचा मामा म्हणाला. तो विद्याश्रीचा, म्हणजे शांतव्वाच्या सुनेचा भाऊ. धिप्पाड गडी, मांडीवर बाळ घेऊन आधीच पाटावर बसलेला. "आमी तर तुमाला बघायला आलोय, पोरगं काय रोजचंच हाय."

सगळे हसले. आकारामने निसणा पाटावर ठेवला, पाणी टाकलं, वस्तरा उघडला. तेवढ्यात मामाने खिशातून मोबाइल काढला. "थांबा थांबा. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी आधी दाखवूया." आणि आवाज मोठा करून व्हिडिओ लावला.

आकारामने स्वतःचा तो व्हिडिओ एकदाही पुरा पाहिला नव्हता. आता साऱ्या सोप्यात त्याचाच आवाज घुमला. ह्यो पोराबाळांचा. आनि ह्यो घाटावरचा. हाताला कळतंय. बापाचा दगड हाय, न कळून कसं चालंल? मोबाइलमधल्या टाळ्यांबरोबर सोप्यातल्याही टाळ्या वाजल्या. चिमणाबाईने राजवीरचे दोन्ही हात धरून त्यालाही टाळ्या वाजवायला लावल्या.

आकारामने वस्तरा मिटला.

"मला ठावं न्हाय," तो म्हणाला.

"काय ठावं न्हाय?" शांतव्वाने विचारलं.

"ह्यो दगड कुठला त्ये. घासताना दोन्ही सारखं झालं. एकमेकांवर घासलं मी. घाटावरचा बी ह्योच आसंल, न्हाईतर त्यो दुसरा. मला कळत न्हाय. त्या दिवशी बी कळलं न्हवतं."

बाळाने मामाच्या शर्टाची गुंडी तोंडात घातली होती. मग शांतव्वा हसायला लागली. आधी हळू, मग अंग हलवून, डोळ्याला पदर लावून.

"एवढंच? आरं तम्मा, आमच्यात सुतक असतंय कुठं? जन्माचं न्हाय, मरणाचं न्हाय. माझा मालक गेला तवा कोण बसलं हुतं कोपऱ्यात? आमी कधी तुला घाटावर बलावलंय?"

खरंच, त्या घरचं घाटावरचं काम आकारामला कधी आलंच नव्हतं. त्यांच्यात माणसाला मातीत ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. पण आपल्या भीतीचा त्यांच्याशी संबंधच नाही, हे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पाहुणे मोकळेपणी हसले. कोणी म्हणालं, बिचाऱ्याचं रगात आटलं असंल. मामा म्हणाला, "आमचं पोरगं तुमच्या दोन्ही दगडाला पुरून उरंल." आकारामनेही हसायचा प्रयत्न केला. आजवर जे मोठं ओझं म्हणून वागवलं ते या सोप्यात कोणी बोटानेही उचललं नव्हतं.

हसू ओसरल्यावर शांतव्वाने डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पर तुला कळंना व्हय रे? खरंच?"

"न्हाय अव्वा."

"मग त्यात टाळ्या कशाच्या घेतल्यास?"

आकाराम वस्तऱ्याची मूठ पुसू लागला. शांतव्वाने उत्तराची वाट पाहिली नाही. "बरं, कर आता. पोरगं कंटाळाय लागलंय."

त्याने वस्तरा पुन्हा उघडला, तेव्हा दाराजवळची एक व्यक्ती हसली नव्हती हे त्याला दिसलं. चिमणाबाई उठून उभी राहिली होती. राजवीरच्या डोक्यावर आता नखभर केस आले होते. तिने त्यांच्यावर आपला तळवा ठेवला होता.

"भाऊ," ती म्हणाली, "आमच्या राजवीरला कुठला लावलातासा?"

आवाज मुळीच चढलेला नव्हता. म्हणून सगळ्यांनी ऐकला.

"ठावं न्हाय, वैनी."

"तवा ठावं हुतं का, की ठावं न्हाय त्ये?"

आकारामने मान खाली घातली. "हुतं."

चिमणाबाईने पदर राजवीरच्या डोक्यावरून घेतला, चपला पायात सरकवल्या आणि ती पायऱ्या उतरून गेली. मागून शांतव्वाने हाक मारली, "अगं चिमणे, जेवल्याबिगर चाललीस व्हय?" तिने वळून पाहिलं नाही.

शिवलिंगचं जावळ झालं. आकारामचा हात नेहमीसारखाच हलका चालला. त्याची त्यालाही चीड आली. मानाचा टॉवेल त्याने घेतला, जेवायला मात्र थांबला नाही, आणि धोपटी काखेत मारून सरळ मागच्या गल्लीत गेला.

चिमणाबाई गोठ्यापुढे म्हशीला पेंड कालवत होती. राजवीर ओट्यावर रिकाम्या किटलीशी खेळत होता. आकारामला पाहून तिने हात थांबवला नाही. एरवी ती त्याला "या की, बसा" म्हणायची आणि आत चहाला सांगायची.

"वैनी, चुकलं माझं."

"पोराला काय झालं न्हाय," ती पेंडीकडे बघत म्हणाली. "देवाची किरपा. झालं असतं तर मी तुमास्नी दोष बी दिला नसता, कारन मला कळलंच नसतं. म्हनलं असतं, माझ्याच हातनं कायतरी राहिलं. पयल्या बाळाच्या वक्ताला बी तसंच म्हनले मी. अजून म्हनते."

तिने पेंडीत आणखी पाणी ओतलं.

"तुमी दारात आलासा तवा मी काय इचारलं का? दगड कुठला, वस्तरा कुठला, न्हाऊन आलासा का? बाकीच्या समद्यास्नी इचारते मी. तुमास्नी न्हाई इचारलं."

"नवा दगड आनतो. वस्तरा बी नवा. पुन्यांदा करून देतो, पैसं-बिसं काय नगं."

"नगं." तिने हात बादलीत बुडवून धुतले. "वाडीला नेतो आमी त्याला. ह्या पुनवंला. तितं नदीवर करून घेतो."

नरसोबाच्या वाडीचा घाट आकारामच्या माहितीचा होता. तिथे बसणाऱ्यांपैकी एक जण गुंडूच्या हाताखाली शिकलेला, सज्जन, हलक्या हाताचा. आकारामला वाटलं, एवढं तरी आपण या पोरासाठी करावं.

"वैनी, तितं माझ्या वळखीचा एक हाय, लई चांगला. माझं नाव सांगा—"

चिमणाबाईने राजवीरला उचलून कडेवर घेतलं.

"न्हाय भाऊ," ती म्हणाली. "तुमचं नाव नगं."

ती आत गेली. म्हैस पेंड खात होती. आकाराम गल्लीतून खालच्या वाटेने निघाला, सुतक टाळायला चिमणाबाई पोराला घेऊन धरायची त्याच. दुकानाकडची वाट वरची होती.